इंग्लंडमधल्या छोट्या गावात जुनं 'कॅरेक्टर कॉटेज' विक्रीला आहे. आम्ही बर्मिंगहॅमला भाड्याने राहतो, पुण्यात एक फ्लॅट आहे. घ्यावं का?

ओकच्या उघड्या तुळया, इंगलनूक शेकोटी (भिंतीतल्या मोठ्या कोनाड्यातली जुनी चूल), बाजारपेठ दोन मिनिटांवर, किंमत ३ लाख पौंड. तुम्ही दिलेलं हे वर्णन वाचून मला माझ्याच घराची जाहिरात आठवली. नव्या वसाहतीतल्या घराच्या भावात एवढं देखणं घर मिळतंय, यात काही गोम आहे का, असं तुम्ही विचारलंय. गोम आहे. पण ती कळली तर घर घेण्यासारखं असतं.

मी श्रॉपशरमधल्या मच वेनलॉकला राहतो. गाव एवढंसं, पण १८५० पासून इथे 'ऑलिंपियन' खेळ भरतात. डॉ. विल्यम पेनी ब्रूक्स यांनी ते सुरू केले, १८९० मध्ये आधुनिक ऑलिंपिकचा प्रवर्तक कूबेर्तँ ते बघायला येऊन गेला आणि काही वर्षांतच अथेन्सचं ऑलिंपिक झालं. माझं घर पुढून चुनखडीच्या दगडाचं आहे आणि मागून लाकडी सांगाड्याचं. मधल्या माळ्यावर गोटी ठेवली की ती आपली आपण खिडकीकडे चालू लागते.

'कॅरेक्टर' हा एजंटाचा शब्द. त्याचा अर्थ एवढाच, की एकही भिंत ओळंब्यात नाही आणि दारातून वाकून जायचं. कायद्याचा शब्द 'लिस्टेड', म्हणजे जतन करण्याजोग्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतलं, आणि तुम्ही पहिल्यांदा तोच विचारा. घर लिस्टेड असेल (बहुतेक वेळा ग्रेड टू या श्रेणीत), तर घराच्या रूपात फरक पडेल असा कुठलाही बदल, आतला असो की बाहेरचा, काउन्सिलच्या परवानगीशिवाय करणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्याला मुदतीची सूटही नाही. आधीच्या मालकाने वीस वर्षांपूर्वी चोरून प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या असतील, तर त्या काढून पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकाला, म्हणजे तुम्हाला येऊ शकते. मला स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅनसाठी भिंतीला भोक पाडायचं होतं. साडेसहा फुटांच्या छताखाली हिंग-मोहरीची फोडणी घातली की वरच्या मजल्यावरच्या उशांनाही वास लागायचा. अर्जाला फी नव्हती, ठरलेली मुदत आठ आठवड्यांची. प्रत्यक्षात पाच महिने लागले, कारण नेमक्या त्या भिंतीत जुना कूड निघाला.

हो, कूडच. हेझलच्या काटक्या विणायच्या आणि त्यावर माती, शेण, गवताचा लगदा थापायचा. आई राहायला आली होती, तिला मी ते उघडं पडलेलं भोक कौतुकाने दाखवलं. ती म्हणाली, "अरे, ही तर आपल्या राजापूरच्या गोठ्याची भिंत! एवढे पैसे यासाठी दिलेस?"

माझे खरे पैसे गेले ते ओलीत. जुन्या भिंतीला नव्या भिंतींसारखी मधे पोकळी नसते, पायाखाली ओल अडवणारा थर नसतो. ती पाणी पिते आणि हवेला परत देते, चुना तेवढ्यासाठीच असतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्या दर्शनी भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या आणि आतून जिप्समचा गिलावा केला. पाणी आत कोंडलं. पहिल्याच हिवाळ्यात कपाटामागे काळी बुरशी धरली. एका कंत्राटदाराने भिंतीत रसायन टोचायचा उपाय सुचवला, मी मुकाट्याने पैसे मोजले आणि ओल जागची हलली नाही. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याने सगळं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. भिंत सुकायला पुरतं वर्ष लागलं, पण सुकली. गंमत म्हणजे वेनलॉकच्या डोंगरकडेची हीच चुनखडी पूर्वी इथल्या भट्ट्यांत भाजत असत. चुन्याच्या गावात घराला सिमेंट फासलं होतं.

म्हणून बँकेच्या व्हॅल्युएशनवर विसंबू नका. ती बँकेच्या सोयीची असते. स्वतःच्या खर्चाने लेव्हल थ्री सर्व्हे, म्हणजे घराची सगळ्यात सखोल तपासणी, करा आणि जुन्या घरांत मुरलेलाच सर्व्हेअर शोधा, नाहीतर तोही रसायन टोचायलाच सांगेल. पूरनकाशावर नदीबरोबर पावसाच्या वाहत्या पाण्याचाही नकाशा बघा. २००७ मध्ये आमच्या गावात पाणी घरांत शिरलं होतं, आणि गावात धड नदीही नाही. वरची एखादी खोली शेजाऱ्याच्या बोळावर आलेली असेल, तर त्याला 'फ्लाइंग फ्रीहोल्ड' म्हणतात. काही बँका त्यावर कर्ज देताना कुरकुरतात.

आता पुण्याचा फ्लॅट. हे मात्र नीट वाचा. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ३ लाखांच्या घरावर स्टँप ड्यूटी साधारणपणे ५ हजार पौंड होते. आयुष्यातलं पहिलंच घर असेल तर शून्य. पण इथे 'पहिलं' म्हणजे जगात कुठेही पहिलं. तुमच्या नावावर पुण्यात फ्लॅट असला की ती सवलत गेली. शिवाय त्यातला तुमचा हिस्सा ४० हजार पौंडांचा किंवा जास्त असेल, तर किमतीच्या ५ टक्के जादा, म्हणजे एकूण २० हजार पौंड. इंग्लंडमधलं हे तुमचं एकमेव घर असलं तरीही. फ्लॅट विकायचा विचार असेल, तर त्याचा क्रम आणि तारखा आधी सॉलिसिटरला विचारून घ्या.

आणि इथे बयाणा देऊन सौदा पक्का होत नाही. दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत मालक दुसऱ्याला जास्त भावात देऊ शकतो. माझं आधीचं एक घर असंच हातचं गेलं, सर्व्हेचे पैसे बुडाले ते वेगळेच.

माझं मत विचाराल, तर बारा महिने राहणार असाल तर घ्या. फक्त शनिवार-रविवारसाठी घेणार असाल तर नको, बंद घरात ओल दुप्पट धरते. दुसऱ्यांदा बघायला जाल तेव्हा पावसाच्या दिवशी जा आणि भिंतीला लागून असलेली कपाटं उघडून वास घ्या. चुन्याचं काम करणारा गवंडी आतापासूनच शोधायला लागा. माझ्या गवंड्याकडे सात महिन्यांची रांग होती.