बंद पेटीतील छायाचित्रे

प्रश्न : वंशसंहारानंतर टिपलेली मृतदेहांची छायाचित्रे प्रदर्शनात मांडणे हा मृतांचा अवमान नाही का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : स्थळ, काळ आणि मृत कोण होते हे न सांगता केवळ धक्का देण्यासाठी ती मांडली, तर आहे. रवांडात १९९४च्या एप्रिल ते जुलै या काळात सुमारे आठ लाख माणसे, बहुतांशी तुत्सी या तेथील अल्पसंख्य समाजातील, मारली गेली. त्यानंतर ऑगस्टमध्ये तेथे गेलेले, मूळचे चिलीचे कलावंत आल्फ्रेदो जार यांनी हत्याकांडाची ठिकाणे आणि निर्वासितांच्या छावण्या यांची असंख्य छायाचित्रे टिपली. १९९५मध्ये मात्र त्यांनी निवडक छायाचित्रे काळ्या पेट्यांत बंद करून झाकणांवर आतील दृश्यांचे केवळ वर्णन छापले, त्यामुळे प्रेक्षकाला एरवी एका नजरेत ओलांडून जाता येणाऱ्या दृश्यापाशी थांबून वाचावे लागले. (आपल्या वृत्तवाहिन्यांनाही अशी एखादी पेटी भेट द्यावी, असे कधी कधी वाटते.) तरीही हा मार्ग सर्वत्र योग्य आहे, असे मी म्हणणार नाही, संहारच नाकारला जात असेल, तेव्हा किंवा न्यायालयात पुरावा म्हणून छायाचित्र उघडेच ठेवावे लागते.