मराठी सिनेमे बघायला सुरुवात करताय?

स्वागत! यादी मागितलीत, पण पन्नास नावं देत नाही. तीन पुरेत.

आधी 'वाळवी' (२०२३, परेश मोकाशी). खुनाचा बेत आणि त्याचा उडालेला बोजवारा. ट्रेलरसुद्धा बघू नका, निम्मी गंमत तिथेच जाते. मग 'किल्ला', अविनाश अरुणचा. कोकणातला पाऊस आणि बदलीच्या गावी आलेला अकरा वर्षांचा पोरगा. मोबाइलवर बघणार असाल तर राहू द्या. तिसरा 'कोर्ट', पण तो घाईने नको.

नवखे लोक इथेच अडकतात. राष्ट्रीय पुरस्कार बघून थेट 'कोर्ट' लावतात आणि वीस मिनिटांत 'काही घडतच नाही' म्हणून बंद करतात. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे कॅमेरा लांब ठेवतो, फारसा हलवतही नाही. कुठे बघायचं ते आपण ठरवायचं. सुनावणी संपल्यावर सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, तो भाग मला खटल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आणखी दोन चुका:
- 'ओटीटीवर येईल की' म्हणून थांबणं. मराठी सिनेमाचे खेळ दुसऱ्या आठवड्यात बऱ्याचदा गायब होतात, म्हणून पहिल्या शनिवार-रविवारीच जा.
- बघण्याआधी परीक्षणं वाचणं. नंतर वाचा, भांडायला मजा येते.

लोकांना आवडलेला सिनेमा तुम्हाला कंटाळवाणा वाटला तर बिनधास्त सांगा, फक्त कुठे कंटाळलात तेही सांगा. मला स्वतःला भयपट झेपत नाहीत, त्यामुळे ते दुसऱ्या कुणाला तरी विचारा.