कुत्र्याला घेऊन डोंगरात जाण्यात खरंच काही अर्थ आहे का? नवी मुंबईत कुठे नेता येईल?

तुम्ही लिहिलंय की नेरूळला राहता, घरात तीन वर्षांचा लॅब्रडॉर आहे, आणि वडिलांच्या मते सोसायटीला दोन फेऱ्या मारल्या की कुत्र्याचं भागतं, डोंगरबिंगर ही फोटोंसाठीची थेरं. वडिलांचं निम्मं पटतं मला. फोटोसाठी बिचाऱ्या जनावराला कलावंतीण सुळक्याच्या कातळातल्या पायऱ्या चढायला लावणारे लोक आहेतच. पण दोन फेऱ्यांनी भागतं, हे काही खरं नाही.

मी खारघरला राहते. आमची ठमी गावठी, बिल्डिंगखाली जन्मलेली, आता घरात सोफ्यावर हक्क सांगणारी. थंडी सुरू झाली की रविवारी सकाळी आम्ही दोघी टेकडीवर असतो. जे सांगतेय ते त्यातूनच.

आधी 'ट्रेक' हा शब्द बाजूला ठेवा. माथा गाठणं, किती वेळात गाठला ते घड्याळात बघणं, हे आपले छंद. कुत्र्याला माथ्याशी काही देणंघेणं नसतं. त्याचा डोंगर जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतच असतो आणि तो सगळा वासाचा असतो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. आता विचार करा, सोसायटीच्या फेरीत त्या नाकाला रोज काय मिळतं? त्याच गाड्यांची चाकं, तोच गेटचा खांब, वॉचमनकाकांच्या खुर्चीचा पाय. टेकडीवर मात्र काल संध्याकाळी शेळ्या गेलेल्या असतात, रात्री डुकराने माती उकरलेली असते, मुंगूस वाट ओलांडून गेलेलं असतं. ठमी एकेका करवंदीच्या जाळीपाशी अशी गुंतते की दोरी ओढली तरी मान वळवत नाही. ओढू नका. उभे राहा. ती मिनिटं वाया जात नाहीत, त्यासाठीच तर आलोय.

हे नुसतं माझं लाडाचं बोलणं नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वासावरून खाऊ शोधायला लावलं, बाकीच्यांना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा सराव दिला. सरावाच्या आधी आणि नंतर, खाऊ असेल की नसेल ते कळू नये अशा जागी वाटी ठेवून पाहिली. नाक चालवलेली कुत्री नंतरच्या खेपेला तिच्याकडे आधीपेक्षा लवकर गेली, म्हणजे 'असेल काहीतरी' असं धरून चालणारी झाली. शिस्तीत चाललेल्यांमध्ये असा बदल दिसला नाही. घरी चपला कुरतडणारा, बेल वाजली की घर डोक्यावर घेणारा कुत्रा तासभर मनसोक्त हुंगून आला की दुपारभर घोरत पडतो, तो केवळ पाय दमले म्हणून नाही.

आणि खरं सांगू का, मजा आपल्यालाही येते ती थांबण्यातच. मी एकटी चालते तेव्हा वर जाऊन खाली येते, बस. ठमी थांबते म्हणून सापाची कात दिसते, पळसाला कळ्या धरल्यात हे कळतं, एरवी ज्यांच्याकडे बघितलंही नसतं त्या गुराख्यांशी बोलणं होतं. कुत्रा बरोबर असला की लोक आपणहून बोलतात. "चावतो का?" हा पहिला प्रश्न, "काय खायला घालता?" हा दुसरा.

तुमचा लॅब्रडॉर आहे म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. ही जात मुळात खादाड, आणि त्यात थोडा जनुकांचा हात आहे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना साधारण दर चार लॅब्रडॉरमागे एकात असा जनुकीय बदल आढळला की त्या कुत्र्यांची भूक आणि वजन जास्त असण्याकडे कल असतो. तेव्हा तो पोळीकडे करुण नजरेने बघतो ते नाटक असेलच असं नाही, पण पोळी द्यायचीच असंही नाही. दुसरा अभ्यास त्याहून जुना, २००२ साली प्रसिद्ध झालेला: ४८ लॅब्रडॉर पिल्लांपैकी निम्म्यांना भावंडांपेक्षा २५ टक्के कमी खाणं देऊन जन्मभर सडपातळ ठेवलं, तर ती जवळपास दोन वर्षं जास्त जगली. हा पुरावा खाण्याबद्दलचा आहे, चालण्याबद्दलचा नाही. त्यामुळे 'आता डोंगर सुरू केलाय, खाऊ दे की' असं आजीला म्हणू देऊ नका. पण चढउतारामुळे मागच्या पायांचे स्नायू बळकट राहतात, आणि पुढे सांधे कुरकुरायला लागतात तेव्हा त्यांचाच आधार होतो.

आता कुठे न्यायचं. कुठे न्यायचं नाही तेच आधी सांगते. ठाण्याचे मित्र म्हणतील, येऊरला या. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे पाळीव कुत्रा न्यायचा नाही. कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्यही तसंच. लोक यावर चिडतात, "आमचा काही करत नाही हो" म्हणतात. प्रश्न करण्या न करण्याचा नसतोच. कुत्र्याकडून रोग जंगलात जातो. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, त्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला, आणि हा विषाणू कुत्र्यांमधला नेहमीचा. शिवाय आपल्या संजय गांधी उद्यानात बिबटे आहेत, आणि त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचं तिथल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. एवढं पुरेसं आहे.

किल्लेही टाळा. पेब, प्रबळ, कलावंतीण, जिथे शिडी, कातळातल्या पायऱ्या किंवा दरीच्या कडेची वाट आहे तिथे कुत्रा चढतो उत्साहात, आणि उतरताना पुढच्या पायांवर सगळा भार आला की अडतो. तीस किलोचा लॅब्रडॉर खांद्यावर घेऊन शिडी उतरणं तुम्हाला जमेल का, एवढंच स्वतःला विचारा.

मग उरतं ते आपल्या दाराशीच आहे. नेरूळहून तुम्हाला पारसिकची टेकडी सगळ्यात जवळ. बेलापूरच्या बाजूने वर डांबरी रस्ता आहे, सकाळी चालणारे बरेच असतात, सुरुवातीला उत्तम. सराव झाला की बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजच्या मागच्या टेकड्या, आणि मग आमची खारघर टेकडी. हिच्यावर फणसवाडी, चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत, वाट त्यांच्याकडे जाते. पांडवकड्याच्या धबधब्याकडे मात्र पावसाळ्यात फिरकू नका. माणसं वाहून जातात म्हणून तिथे बंदी घालतात, आणि कुठेही वनखात्याची पाटी दिसली तर ती आपल्यालाही लागू असते.

पाड्याजवळ आलात की दोरी आखूड करा. कोंबड्या, शेळ्या म्हणजे त्यांचं घर चालवणारा माल आहे, आपल्या कुत्र्याची करमणूक नव्हे. पाड्यावरची कुत्री भुंकत येतील, येऊ द्या, त्यांची हद्द आहे. दगड उचलू नका, पळू नका, थोडं लांबून वळसा घालून शांतपणे पुढे निघा. माणूस दिसला की रामराम करा, मालकाने एक हाक मारली की कुत्री गप्प होतात. वासरू बरोबर असलेल्या गाईपासून मात्र फार दूर राहा. ती तुमच्यावर नाही, कुत्र्यावर चाल करून येते. आलीच तर हातातली दोरी सोडून द्या. कुत्रा पळून सुटेल, मध्ये तुम्ही सापडाल. एरवी दोरी सोडायची नाही. गळपट्ट्यापेक्षा छातीचा हार्नेस बरा, आणि पाच-सहा मीटरची लांब दोरी घ्या, म्हणजे त्याला हुंगायला जागा मिळते आणि तो झुडपात घुसून घोणशीवर पाय देत नाही.

सगळ्यात मोठा शत्रू साप नाही, ऊन आहे. त्यातून आपली खाडीकाठची दमट हवा. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पायाच्या तळव्यांना येतो. अंग थंड करायचं ते जीभ बाहेर काढून धापा टाकून, आणि हवेत आधीच ओल भरलेली असली की धापा टाकूनही काम भागत नाही. शरीराचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, ४१ च्या पुढे गेलं की जिवाशी गाठ. लॅब्रडॉर तर तुम्हाला खूश करायला कोसळेपर्यंत चालेल. म्हणून तो थांबायची वाट बघू नका, तुम्हीच थांबा, सावलीत बसा, पाणी पाजा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. फटफटलं की निघायचं, नऊच्या आत खाली. मार्चपासून वेळ आणखी आखूड, आणि मे महिन्यात डोंगर नाहीच. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे तळवेही भाजतात. जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट झाली, पाय लटपटले, तर आधी तिथेच अंगावर साधं पाणी ओता, पोट आणि जांघा भिजवा, वारा घाला, आणि मगच गाडीत घालून डॉक्टरकडे पळा. म्हणून पाणी दोघांचं न्यायचं, तुमच्यापेक्षा त्याचं जास्त.

पावसाळ्यात मी ठमीला वर नेत नाही. शेवाळ, गर्दी, दारू पिऊन ओरडणारी पोरं, आणि लेप्टो. उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित झालेल्या डबक्यातून तो होतो, कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते, रेबीजच्या लशीबरोबरच डॉक्टरांना विचारून घ्या. पाऊस सरला की गवत वाळतं आणि कुसळं सुरू होतात. ती बोटांच्या बेचक्यात, कानात शिरतात आणि आत आतच सरकत जातात. घरी आल्यावर तो सारखा एकच पाय चाटतोय किंवा डोकं झटकतोय असं दिसलं तर आधी कुसळाचा संशय घ्या.

आणि गोचीड. कानाच्या आत, काखेत, शेपटीखाली, बोटांमध्ये हाताने चाचपून बघा. भिजवलेल्या हरभऱ्याएवढी फुगलेली लगेच सापडते, तिळाएवढी सापडत नाही, आणि ताप तिच्याकडूनही येतो. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडी पेटवून चटका, असले जुने उपाय करू नका. महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी मिळते, डॉक्टर वजनाप्रमाणे देतात. त्यानंतरही कधी खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं तर 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

खाण्याचं थोडक्यात: त्याच्यासाठी उकडलेलं अंडं किंवा त्याचे नेहमीचे दाणे. तुमच्या पाकिटातल्या सुक्या मेव्यात मनुका असतील तर ते त्याच्यापासून लांब ठेवा, मनुकांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते. पायथ्याशी बसून खाल्लेली कांदाभजीही द्यायची नाही, कांदा त्याच्या रक्ताला वाईट. तो बघेलच. बघू दे.

पहिल्या खेपेला पारसिकला अर्धा तास वर, तेवढाच खाली, यापलीकडे जाऊ नका. निघण्याआधी डॉक्टरकडे नेऊन सांधे दाखवा आणि वजन लिहून ठेवा. लॅब्रडॉरला खुब्याच्या सांध्याचा त्रास बऱ्याचदा असतो, आणि तसा असेल तर चढापेक्षा सपाटीवरचं चालणं त्याला चांगलं. वडिलांनाही बरोबर घ्या. आमच्याकडे सासऱ्यांचंही 'कशाला नेता त्या कुत्रीला' इथूनच सुरू झालं होतं. आता टेकडीवर दोरी त्यांच्याच हातात असते, आणि मी मागून पाण्याच्या बाटल्या घेऊन चालते.