क्लोन, प्रतिकृती आणि हापूसचं कलम

वरळीच्या एका ताईंनी विचारलंय: मुलाच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय ‘मानवी क्लोनिंग आणि मानवी प्रतिष्ठा’ असा आहे. क्लोनला, म्हणजे एकाच जिवापासून वाढवलेल्या, जनुकं तीच असलेल्या जिवाला, ‘प्रतिकृती’ म्हणावं का? आणि ‘प्रतिष्ठा’ कानाला खटकतं, ‘सन्मान’ चालेल का?

ताई, प्रतिकृती नको. दादर स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला आपण ‘दोन प्रती काढ’ म्हणतो. प्रत म्हटली की मूळ आलं, आणि मुळापेक्षा प्रत उणी हेही आलंच. अजून जन्मालाही न आलेल्या माणसाला आधी दुय्यम ठरवायचं आणि मग त्याच्या प्रतिष्ठेवर भाषण ठोकायचं, हे काही बरं नाही. एकसारखी जुळी भावंडं आपण पाहतोच; त्यांतल्या एकाला दुसऱ्याची प्रत कोण म्हणतं?

‘क्लोन’चं मूळ ग्रीक, अर्थ डहाळी. वनस्पतिशास्त्रात तो १९०३ साली आला, फांदीपासून, कलमापासून वाढवलेल्या झाडांसाठी. म्हणजे आपलं कलमच की! क्रॉफर्ड मार्केटातला हापूस कलमाचाच. त्याची कोय पेरली तर हापूस येत नाही, रायवळ उगवतो. त्या हिशेबाने आपण सगळे रायवळ. (‘कलमी माणूस’ मला फार आवडला असता, पण परीक्षक हसतील.) आणि जात एक असली तरी देवगडचा आणि वलसाडचा हापूस सारखा लागत नाही, माझी आई पेटीतलं गवत बाजूला न सारता नुसत्या वासावर सांगायची. तेव्हा सरळ ‘क्लोन’च ठेवा.

‘प्रतिष्ठा’ का खटकतं ते कळतं. आपल्याकडे प्रतिष्ठित म्हणजे लग्नात पहिल्या रांगेत बसणारे. पण ‘सन्मान’ त्याहून अडचणीचा. तो दुसऱ्याने करायचा असतो, शाल-श्रीफळ देऊन. नाही केला तर? प्रतिष्ठेत ‘स्था’ धातू आहे, उभं राहणं. संविधानाच्या मराठी उद्देशिकेतही ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ असंच आहे. युनेस्कोच्या १९९७ च्या जाहीरनाम्यातलं अकरावं कलम (पुन्हा कलम!) माणसाचा क्लोन जन्माला घालणं मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध मानतं. क्लोन केलेली डॉली मेंढी २७७ प्रयत्नांतून एकदाच जमली, हेही मुलाला सांगा; माणसाच्या बाबतीत उरलेल्या २७६ चं काय, हे त्याला भाषणात विचारता येईल.

फक्त ‘प्रतिष्ठेचा प्रश्न’ एवढं म्हणू देऊ नका. ते ऐकलं की आपल्याला महापालिकेची निवडणूक आठवते.