फोटॉन वाटेतच हरवतात, तर दूरच्या क्यूबिटांमध्ये खात्रीची एन्टँगलमेंट कशी घडवतात?

क्यूबिट म्हणजे क्वांटम माहितीचं एकक, आणि एन्टँगलमेंट म्हणजे दोन क्यूबिटांच्या अवस्था एकमेकींत अशा गुंफणं की त्यांचं वेगवेगळं वर्णन करता येत नाही. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत: ऑप्टिकल फायबरमध्ये बहुतेक फोटॉन (प्रकाशकण) हरवत असताना भरवसा कसला, आणि मध्ये सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर का लावत नाहीत? दुसरा आधी उरकतो. ॲम्प्लिफायरला सिग्नलच्या प्रती काढाव्या लागतात, आणि अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढताच येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झालं. तो रस्ता बंद.

राहिला भरवसा. फोटॉन पोहोचेलच अशी हमी कोणीच देत नाही; या खेपेला जमलं की नाही, एवढं कळलं तरी पुरतं.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा २०१५ चा प्रयोग घ्या. सुमारे १.३ किलोमीटर अंतरावर दोन हिरे, प्रत्येकातल्या एका स्फटिकदोषातल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन (चिमुकल्या चुंबकासारखा गुणधर्म, 'वर' किंवा 'खाली') म्हणजे क्यूबिट. दोन्ही स्पिन 'वर' आणि 'खाली' यांच्या सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन्हींच्या मिश्र अवस्थेत ठेवून लेसरचा पल्स मारायचा. फोटॉन सोडतो तो फक्त 'वर'वाला. दोन्हीकडचा प्रकाश तिसऱ्या प्रयोगशाळेत बीम स्प्लिटरवर (अर्धा प्रकाश आरपार सोडणाऱ्या, अर्धा परतवणाऱ्या आरशावर) एकत्र येतो, त्यामुळे डिटेक्टर वाजला (ही 'क्लिक') तरी फोटॉन कुठल्या हिऱ्यातून आला हे कळायला मार्गच उरत नाही. याच संदिग्धतेमुळे दोन्ही स्पिन एकमेकांत गुंफले जातात.

मेख अशी की दोन्ही स्पिन 'वर' असले आणि एक फोटॉन वाटेत गेला, तरी क्लिक एकच येते. म्हणून दोन्ही स्पिन उलटे करून पुन्हा पल्स मारतात. मघाचे 'दोन्ही वर' आता 'दोन्ही खाली' झालेले असतात, ते गप्प बसतात. दोन्ही फेऱ्यांत एकेक क्लिक आली तरच नोंद घ्यायची, बाकी सगळं रद्द. बॅरेट आणि कॉक यांची ही २००५ ची युक्ती मला या विषयातली सगळ्यात देखणी वाटते.

म्हणजे फोटॉन हरवल्याने दर्जा फारसा ढळत नाही, मार बसतो तो वेगाला. डेल्फ्टला सुमारे २२० तासांत २४५ नोंदी मिळाल्या! पुढे २०१८ मध्ये त्याच गटाने एकाच क्लिकवर भागवून प्रयोगशाळेतल्या प्रयोगात सेकंदाला ३९ पर्यंत मजल मारली, मात्र तिथे शुद्धतेशी थोडी तडजोड करावी लागते.

अंतर फार वाढलं की ही युक्तीही थकते. उत्तम टेलिकॉम फायबरमध्ये ५० किलोमीटरनंतर दहातला एक फोटॉन उरतो, १०० नंतर शंभरातला एक. शेवटी खऱ्या क्लिक इतक्या विरळ होतात की डिटेक्टर उगाचच वाजतो ते आणि त्या वेगळे काढता येत नाहीत. मग अंतराचे तुकडे पाडून मध्ये क्वांटम रिपीटर (शेजारच्या तुकड्यांतली एन्टँगलमेंट जोडून लांबची करणारी ठाणी) ठेवायचे, ही १९९८ पासूनची कल्पना. त्यासाठी एक दुवा जुळल्यावर शेजारचा जुळेपर्यंत तो टिकवून धरणारी मेमरी लागते, आणि घोडं तिथेच पेंड खातंय.