रात्री साडेदहानंतरचं कर्ज

डिचोलीचे, सध्या दुबईत नोकरीला असलेले एक भाऊ लिहितात. नाव छापू नका म्हणालेत, छापत नाही. पगार बरा आहे, दारू-जुगाराचं व्यसन नाही. तरी दोन वर्षांत एक वैयक्तिक कर्ज, त्यावर वाढीव कर्ज आणि दोन क्रेडिट कार्डं गळ्याशी आली आहेत. घरी बायकोला यातलं काहीच ठाऊक नाही. ‘माझा मनावर ताबाच राहिला नाही,’ असं त्यांचं शेवटचं वाक्य आहे.

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की खर्चासोबत तुम्ही वेळाही लिहिल्या आहेत. पुतण्याचा मोबाईल, रात्री अकरा. मुलीची सायकल, पावणेअकरा. वाढीव कर्जाला ‘हो’ म्हटलं तेव्हा साडेअकरा. दुबईत साडेदहा वाजतात तेव्हा गोव्यात बारा झालेले असतात. घर झोपलेलं, खोलीतला सोबती रात्रपाळीला, आणि हातात फोन. दिवसाढवळ्या तुम्ही एकदाही कर्ज काढलेलं नाही. ज्याचा मनावर ताबाच नाही तो भरदुपारीही काढतो. तुमचा ताबा सुटतो तो त्या एकट्या दीड-दोन तासांत.

हे तुमच्या एकट्याचं नाही. 2005 साली मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर, जीन ट्वेन्गे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत काही प्रयोग प्रसिद्ध केले. ‘गटातल्या कुणालाच तुम्ही नको आहात’ असं ज्यांना सांगितलं, त्यांनी समोरची बिस्किटं जास्त खाल्ली. ‘पुढे आयुष्यात एकटे पडाल’ असं ऐकलेल्यांनी अवघड कोडं लवकर सोडून दिलं. मात्र एका प्रयोगात समोर आरसा ठेवला, तेव्हा हा फरक मिटला. प्रयोग कर्जाबद्दल नव्हता, पण त्या आरशाबद्दल वाचलं आणि मला आमचं दुकान आठवलं.

फोंड्यात वडिलांचं किराणा दुकान होतं. उधारी मागायला आलेल्याला ते कधी नाही म्हणत नसत. फक्त वही उघडायचे, मागची बाकी मोठ्याने वाचायचे आणि मगच तराजूला हात लावायचे. अर्धा किलो साखर मागणारा कितीदा तरी पाव किलोच घेऊन जायचा. रागावलेला मात्र कुणी मला आठवत नाही. तुमच्या फोनमधल्या अ‍ॅपवर बाकी मोठ्याने वाचणारं कुणी नाही, म्हणून ती वही तुम्हालाच मांडायची आहे. एका कागदावर सगळी देणी लिहा आणि पलंगासमोरच्या भिंतीवर लावा. फोनमध्ये साठवलेले कार्ड नंबर आजच काढून टाका. बँकेला फोन करून कार्डाची मर्यादा कमी करून घ्या. हे सगळं दिवसा करा, रात्रीच्या शपथांवर विसंबू नका.

कागदावर काय दिसेल तेही सांगते. कार्डावर 10,000 दिरहॅम बाकी आहे आणि व्याज महिन्याला 3 टक्के आहे असं धरा. ‘किमान रक्कम’ म्हणून 500 भरले, की त्यातले 300 व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम 200 ने उतरतं. म्हणून आधी कार्डं फेडा, ठरलेल्या हप्त्याचं कर्ज नंतर. तिथल्या नियमाप्रमाणे सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतात. ती बँकेची मर्यादा झाली, तुम्हाला परवडतं असा त्याचा अर्थ नव्हे. हप्ता चुकणार असं दिसलं तर तो चुकण्याआधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. थकलेल्या देण्यापायी न्यायालय देश सोडायला बंदी घालू शकतं. तसं झालं तर चवथीला, गणपतीला, घरी येणंही राहून जाईल.

आता त्या रात्रीच्या तासांचं काय? आपल्या गोव्याचे तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारे, जहाज मिळेपर्यंत मुंबईत गावोगावच्या कुडांमध्ये, म्हणजे आपापल्या गावाच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहत. धोबी तलावच्या जेर महालात असे कूड होते. एका गावची माणसं एका छपराखाली, ट्रंकेला ट्रंक लावून, संध्याकाळची प्रार्थनाही एकत्र. तुमच्या इमारतीत कूड नाही, पण आठवड्यातून तीन रात्री कुणाबरोबर तरी जेवायचं एवढं ठरवता येईल. घरचा फोनही रात्री आठला लावा, म्हणजे इथे साडेनऊ, जेवणाची वेळ. बोलायला काही नसलं तर फोन टेबलावर उभा करून ठेवा. आमटीची वाटी सरकवल्याचा, मुलीला ओरडल्याचा आवाज तुमच्या खोलीत येऊ दे.

आणि इथे गोव्यात हे वाचणाऱ्यांनो, मागच्या महिन्याभरात परदेशातल्या आपल्या माणसाशी पैशाशिवाय कशावर बोललात ते आठवून पाहा. दर फोनला यादी ऐकणाऱ्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं, की घरात आपली जागा पार्सलाएवढीच आहे. मग ती जागा जपायला तो कर्ज काढतो. गणपतीवरच्या माटोळीला काय काय बांधलं, कुठलं फळ मिळालं नाही, हेही त्याला सांगा.

भाऊ, राहिली गोष्ट वहिनींची. हा लेख त्यांना पाठवू नका. रविवारी सकाळी फोन करा, भिंतीवरचा कागद हातात घ्या आणि आकडे वरून खाली, एकही न गाळता, स्वतः वाचून दाखवा.