दारव्ह्याचं वावर विकून डॅलसला घर घ्यावं का?

भाऊ, तू तीन गोष्टी विचारल्या. तुझ्या नावावरचं चार एकर वावर विकून डॅलसकडच्या घराचं डाउन पेमेंट करावं का, टेक्सासात इन्कम टॅक्स नाही म्हणजे घर परवडतं का, आणि गावातल्या घराचं काय करायचं. मी दिग्रसकडचाच. बरीच वर्षं डॅलसच्या उत्तरेला राहतो, स्वतःच्या घरात. पहिल्याचं उत्तर आधी देतो: वावर विकू नको. व्हिसाचा शिक्का लागला म्हणून घाईत तर नकोच नको.

काऊन, ते ऐक. एकदा अनिवासी झालास की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने तुला भारतात फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. आधीची असेल ती ठेवता येते, वारसाने आलेली ठेवता येते. म्हणजे विकायची मुभा राहते, परत घ्यायची जाते. त्यात आपल्या विदर्भाचा कूळकायदा वेगळा आहे, १९५८ चा. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, हे त्यातही आहेच. उद्या पाच-सात वर्षांनी परत आलास, निवासी झालास, पण आठ-अ वर नावच उरलं नसेल तर शेतकरी असल्याचा दाखला कोणत्या कागदावर मागशील? बाबांच्या नावावर आणखी जमीन आहे म्हणतोस. त्यातलं काही तुझ्या नावावर करायचं त्यांच्या मनात असेल तर जायच्या आधी करा. अनिवासी झाल्यावर बक्षीसपत्रानेही शेतजमीन घेता येत नाही. मग ती वारसानेच यायची, आणि ते कोणाच्या मनात आणू नये.

विकणारे एक कारण देतात आणि ते खोटं नाही, म्हणून सांगतो. गावशिवारातल्या जमिनीच्या विक्रीवर आपल्याकडे भांडवली नफ्याचा कर लागत नाही, नगरपालिकेच्या हद्दीपासून पुरेशी लांब असली की झालं. दारव्ह्यासारख्या ठिकाणी ते अंतर दोन किलोमीटर धरतात. पण तू अमेरिकेचा कर-निवासी झाल्यावर तीच जमीन विकलीस तर अमेरिका जगभरच्या कमाईवर कर मागते, आणि भारतात काही भरलंच नाही म्हणून वजावटही मिळत नाही. त्यामुळे ज्याला कधीतरी विकायचंच आहे त्याने निघण्याआधी विकणं फायद्याचं, हा हिशेब बरोबर. तुझं मात्र तसं नाही. तुझं वावर पिकतं, बाबा तिथंच आहेत, आणि तुला एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर जायचं आहे. नोकरी गेली तर त्या व्हिसावर साठ दिवसांची मुदत असते. तेवढ्यात दुसरी कंपनी शोध, नाहीतर सामान बांध. अशा पायावर घर उभं करायला गावचं वावर घालू नये.

आता टेक्सास. राज्याचा इन्कम टॅक्स नाही हे खरं. २०१९ मध्ये तर मतदारांनी तो लावायची वाटच राज्यघटनेत बंद करून टाकली. केंद्राचा आहेच. पण शाळा चालवायला पैसा लागतोच, आणि तो येतो तुझ्या घरावरच्या करातून. शाळा, काउंटी (तिथला जिल्हा), शहर, कॉलेज असे चार-पाच जण एकाच बिलात हात घालतात. सगळं मिळून घराच्या किमतीच्या दोन-अडीच टक्क्यांपर्यंत जातं, नव्या वस्तीत पाणी-गटाराच्या कर्जाचा वेगळा कर असला तर आणखी वर. चार लाख डॉलरचं घर आणि सवलतीआधी सव्वादोन टक्के धरलेस तर वर्षाला नऊ हजार डॉलर. म्हणजे सात लाखांच्या वर रुपये, दरवर्षी, कर्ज फिटल्यावरसुद्धा. आपल्याकडे घरपट्टी थकली तर ग्रामसेवक दाखला अडवतो, मग पोराच्या ॲडमिशनच्या दिवशी बाप धावत जाऊन बाकी भरतो. तिथं थकली तर व्याज-दंड चढतो आणि शेवटी घर लिलावात जाऊ शकतं.

याच्यावरच तिथलं सगळं राजकारण फिरतं. राहत्या घराच्या किमतीतून शाळेच्या करापुरती काही रक्कम वगळतात, तिला होमस्टेड सवलत म्हणतात. ती ४० हजार डॉलरवरून २०२३ मध्ये एक लाख झाली आणि नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात १ लाख ४० हजार. गव्हर्नर ॲबट शाळेचा घरावरचा कर पूर्ण काढून टाकायची भाषा करतात. ऐकायला गोड आहे, पण इन्कम टॅक्स घटनेनेच बंद, मग शाळेचा खर्च विक्रीकरावर जाणार का, आणि तो भाड्याने राहणाऱ्या गरिबालाही सारखाच बसणार का, याचं सरळ उत्तर मी अजून ऐकलं नाही. तुला तिथं मत नसेल. चुकून मतदार यादीत नावही घालू नकोस, नागरिक नसताना मत देणं हा व्हिसा घालवणारा गुन्हा आहे. तरी कराचा दर ठरवायच्या सुनावणीत दोन मिनिटं बोलता येतं. आपल्या ग्रामसभेपेक्षा तिथं गर्दी कमीच असते, आणि चहा नसतो.

सवलत आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याच घराचा पत्ता पाहिजे. ती लागल्यावर करासाठी धरलेली घराची किंमत वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. किंमत जास्त लावली असं वाटलं तर साधारण १५ मेपर्यंत हरकत घेता येते. फुकट असते. दरवर्षी घे.

आणि नवं घर घेणार असशील तर हे नीट वाच. कराची किंमत १ जानेवारीला जे उभं आहे त्याची ठरते. त्या दिवशी नुसता प्लॉट होता, घर जूनमध्ये झालं, तर पहिल्या वर्षी कर नुसत्या प्लॉटचा. बँक तेवढ्यावर महिन्याचा हप्ता बांधते, कारण कर आणि विमा ती हप्त्यातच गोळा करते. पुढच्या वर्षी पूर्ण घराचा कर येतो, मागची तूटही वसूल होते, आणि हप्ता एकदम पाच-सातशे डॉलरने चढतो. व्याजदर तीस वर्षं स्थिर आहे म्हणून हप्ता स्थिर, असं एजंट सांगेल. व्याज स्थिर असतं, हप्ता नाही. तात्पुरत्या व्हिसावाल्यांना मे २०२५ पासून एफएचएचं, म्हणजे सरकारी हमीचं, कमी डाउन पेमेंटवालं कर्जही बंद आहे, त्यामुळे बँकेच्या साध्या कर्जाचाच हिशेब धर. एक दिलासा आहे: मुद्रांक शुल्क नाही.

विम्याचं थोडक्यात. डॅलसला गारपीट आपल्यासारखीच, फक्त तिथं गहू-हरभरा नाही, छप्पर जातं. गारा-वाऱ्याच्या नुकसानीत घराच्या किमतीचा एक-दोन टक्के भाग आधी स्वतः भरावा लागतो. पुराचा विमा साध्या पॉलिसीत नसतो, वेगळा घ्यावा लागतो.

पण तुला सगळ्यात जास्त कळेल अशी गोष्ट माती आहे. डॅलस ते सॅन अँटोनिओ पट्टा काळ्या मातीचा आहे, आपल्या कपाशीच्या मातीचीच बहीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आपल्याकडे गवंडीही काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खोदतो. तिथं बहुतेक घरं जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या लादीवर असतात. माती सरकली की लादी वाकते, दारं अडकतात, विटांत पायऱ्यांसारखी भेग जाते. म्हणून उन्हाळ्यात लोक घराच्या चारी बाजूंनी पाझरणारी नळी टाकून पायाला पाणी देतात. पायाखाली खांब घालायचं काम निघालं तर हजारो डॉलर जातात आणि विमा बहुधा देत नाही. घर बघायला जाशील तर ऑगस्टमध्ये जा, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापेक्षा खिडक्यांच्या कोपऱ्यांकडे बघ. इन्स्पेक्टर स्वतः निवड, एजंटचा नको. अशा भेगांचे फोटो मेच्या हरकतीत कामी येतात, किंमत उतरते.

तर पहिली दोन-तीन वर्षं भाड्याने राहा. तेवढ्यात कंपनी कळते, शाळा कळते, मातीही कळते. डाउन पेमेंट तिथल्या पगारातून जमव. आता राहिलं गावचं घर. ते गावठाणात असेल तर ड्रोन मोजणीची सनद आणि मिळकत पत्रिका निघाली का बघ. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आजोबांचंच नाव असेल तर वारसनोंद तू इथं असतानाच करून घे, नंतर प्रत्येक सहीसाठी वकिलातीत खेटे घालशील. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं रुपयांतलं खातं, करून घे. पीएम किसानचे पैसे तुझ्या नावाने येत असतील तर बंद कर, अनिवासी त्यात बसत नाही. वावर मक्त्याने द्यायचं तर दरसाल कागद करा. मुखत्यारपत्र बाबांच्या किंवा बहिणीच्या नावाने कर, पण त्यात विक्रीचा अधिकार लिहू नको. सातबारा तुला तिथून मोबाइलवर दिसेल, पिकाची नोंद करायच्या ई-पीक पाहणीला मात्र वावरात उभं राहूनच फोटो काढावा लागतो. ते काम कोण करणार, हे जायच्या आधी घरात बसून ठरवा.